किल्ली कुणाकडे ठेवता?

अंकाचे संपादक घरी आले आणि म्हणाले, "बबनराव, चोऱ्या आणि पोलीस यांच्यावर संशोधन करणाऱ्या संस्थेत तुम्ही अख्खी नोकरी काढलीत. आमच्यासाठी काहीतरी लिहा." मी म्हणालो, "संशोधन बाईंनी केलं. मी जीप चालवली." ते म्हणाले, "म्हणूनच." हे बोलणं मला आवडलं की नाही ते अजून ठरवलेलं नाही. शाळा माझी सातवीत सुटली. तेव्हा शुद्धलेखन संपादकांनी बघावं, बाकी आहे तसं छापावं. आमची ही असती तर आधी तिला वाचून दाखवलं असतं आणि तिने निम्मं काढायला लावलं असतं. शालन श्रावणात गेली. त्यामुळे हे जरा लांबलं तर चालवून घ्या.

लोक मला अजून विचारतात, "किती चोर पकडलेत?" एकही नाही. चोरी झाली की पोलीस जातात. आम्ही चोरी झाली नाही तिथे जायचो.

हे जरा समजावून सांगतो. एकाच नाल्याच्या दोन बाजूंना दोन वस्त्या असतात. गरिबी तीच, रस्त्यावरचे दिवे तेवढेच, पोलीस चौकी दोघींची एकच. एका वस्तीत रोज भानगड आणि दुसरीत बायका दारं उघडी टाकून दळणाला जातात. का? या एका 'का'वर आमच्या बाईंची सगळी प्रोफेसरकी गेली आणि तिच्यामागे माझी ड्रायव्हरकी. बाईंचं नाव लिहीत नाही, त्यांनीच बजावलंय. त्यांचं म्हणणं असं की पोलीस वाढवून गुन्हे जेवढे कमी होतात, त्यापेक्षा जास्त माणसं एकमेकांवर लक्ष ठेवतात म्हणून कमी होतात. पण हे नुसतं म्हणून भागत नाही, सिद्ध करावं लागतं. म्हणून घरोघर फिरायचं, छापील प्रश्न विचारायचे, चौकीवरच्या सभांना जाऊन बसायचं, हवालदाराबरोबर गल्ल्या पालथ्या घालायच्या. मी नावाला ड्रायव्हर. पण दार वाजवायचं काम माझं असे, कारण बाईंचं बोलणं ऐकून लोकांना वाटायचं की शाळेतून पोराची तक्रार आली.

पहिली अडचण जीपची. पांढरी जीप वस्तीच्या तोंडाशी थांबली की आरोळी उठायची, "अतिक्रमणवाले आले!" हातगाड्या पळायच्या, टपऱ्यांचे पत्रे उतरायचे. तोवर आम्ही खाली उतरून विचारणार, "तुम्हाला इथे सुरक्षित वाटतं का?" शेवटी जीप लांब उभी करून चालत जायला लागलो.

गिऱ्हाइकं एकेक भारी भेटली. पेठेतल्या एका निवृत्त गृहस्थांना मी विचारलं, "आपल्याला भीती कुणाची वाटते?" ते म्हणाले, "दारावर येऊन प्रश्न विचारणाऱ्यांची. चोर निदान बेल वाजवत नाहीत." लिहून घेतलं. फॅक्टरीतून रिटायर झालेल्या एका मेस्त्रींनी प्रश्नपत्रिका हातात घेतली, चष्मा लावला, आणि सातवा प्रश्न तिसरा हवा होता असं म्हणून दार लावून घेतलं. बाईंनी त्यावर आठवडाभर विचार केला. आणि बदलला!

चौकीवरच्या सभेत पुढच्या खुर्च्यांवर पुढारी. हार तेच एकमेकांना घालायचे. विषय काहीही असो, बोलणं पार्किंगवर जायचं. बायका मागे भिंतीला टेकून उभ्या. बाई जाऊन त्यांच्यात उभ्या राहायच्या. म्हणायच्या, "पुढे भाषण आहे बबनराव, सभा इथे आहे."

आता मुद्द्याचं. "शेजाऱ्यांवर तुमचा विश्वास आहे का?" असा एक प्रश्न होता. त्याला लोक काहीही सांगायचे. कोपऱ्यावर पोलीस उभा असला की पोलिसांवर पूर्ण विश्वास, शेजारीण ऐकत असली की शेजारणीवर पूर्ण विश्वास. एकदा धायरीकडे, तेव्हा तिकडे अजून गावच होतं, एका बाईला मी हा प्रश्न विचारला. ती कडाडली, "विश्वास? त्या शेजारणीवर? एक नंबरची भांडकुदळ बाई हाय ती. पान्यावरनं माझ्या झिंज्या धरल्यात तिनं." मी 'नाही'वर खूण केली. तिला शेतावर जायचं होतं. तिने दाराला कुलूप घातलं, शेजारच्या दारात गेली, काही न बोलता किल्ली आत फेकली आणि चालायला लागली. आतून आवाज आला, "येळंवर ये, मी वाट बगत बसनार न्हाई."

बाई तिथेच उभ्या. मग जीपमध्ये बसल्या. नदीचा पूल ओलांडला तेव्हा म्हणाल्या, "बबनराव, आपण इतके दिवस चुकीचं विचारत होतो."

पुढच्या छपाईपासून तो प्रश्न बदलला. बाहेर जाताना घराची किल्ली कुणाकडे ठेवता? बस्स, एवढाच. गंमत अशी की या प्रश्नाला कुणी पटकन उत्तर द्यायचं नाही. आधी जरा थांबायचे. आणि मग खरं बोलायचे.

या प्रश्नामुळेच आम्हाला खाला, म्हणजे सगळ्या वस्तीची मावशी, सापडली. खडकीत मी राहतो तिथून रेल्वेलाइन ओलांडली की एक वस्ती होती. तिथे ज्याला विचारावं तो म्हणे, "खालाकडे." हिंदू, मुसलमान, भांडलेले, न भांडलेले, सगळे खालाकडे. खालाचा नवरा कल्हईवाला, तो जाऊन बरीच वर्षं झालेली. ती घरी बसून साड्यांना फॉल लावायची, म्हणून दिवसभर दार उघडं. खिडकीला आडवी दोरी, आणि दोरीवर वस्तीभरच्या किल्ल्या. प्रत्येक किल्लीला खालाने बांधलेली निशाणी. कुणाला बांगडीचा तुकडा, कुणाला मणी, कुणाला ब्लाउजच्या कापडाची चिंधी. गॅसचं सिलेंडर आलं तर खाला उतरवून घेणार, अनोळखी माणूस गल्लीत शिरला तर खाला विचारणार, "किसके घर जाना है भाई?" जगताप हवालदार गस्तीला आला की तिच्याच पायरीवर टेकायचा. त्या वस्तीत चोरी म्हणून नव्हती. बाई म्हणायच्या, "खरी चौकी ही." त्यांच्या साऱ्या अभ्यासात ही वस्ती हिऱ्यासारखी होती.

आणि मग तिथे चोरी झाली. लता नावाची बाई दवाखान्यात आया होती. तिची कानातली फुलं गेली. कुलूप फुटलं नव्हतं. म्हणजे किल्लीने उघडलं. किल्ली खालाकडे.

खालाला कुणी एक शब्द बोललं नाही. हे मी स्वतः पाहिलं म्हणून सांगतो. सकाळी एक बाई आली, "खाला, आज घरीच आहे, किल्ली द्या." मग दुसरी, "खाला, पाहुणे यायचेत, किल्ली द्या." सगळं गोड बोलून. खाला निशाणी बघायची, किल्ली काढून द्यायची. आठवड्याच्या आत दोरी मोकळी झाली. खाला दार अर्धं लोटून बसायला लागली.

जगताप हवालदाराने चोर शोधला. लताचा दीरच निघाला. त्याने चावी बनवून घेतली होती. फुलं सराफाकडून परत आली. हवालदार स्वतः वस्तीत हिंडला, दारोदार सांगितलं की खालाचा काही संबंध नाही. सगळे म्हणाले, "छे, आम्हाला कधी वाटलंच नव्हतं." पण किल्ली घेऊन एकही माणूस परत गेलं नाही. कुठल्या तोंडाने जाणार? संशय गेला आणि शरम उरली. संशयाचा तपास पोलीस करतात. शरमेचा कोण करणार?

मी बाईंना म्हणालो, "तुम्ही जाऊन सांगा ना लोकांना. तुमचं ऐकतील."

बाई म्हणाल्या, "आपण बघायचं बबनराव. हात घालायचा नाही. आपण ढवळलं की ते आपोआप काय झालं असतं हे कधीच कळणार नाही. मग अभ्यास संपला."

त्यांच्या कामाचा तो नियम आहे आणि नियम बरोबर आहे. मला कळला आणि रागही आला. रात्री जेवताना शालनला सांगितलं. ती भाकरी थापत होती. थापणं न थांबवता म्हणाली, "म्हंजी खाला दार लोटून बसलीय आणि तुम्ही बघताय."

"माझं काम बघायचंच आहे."

"मग बघा."

शालन धायरीची. लग्न होऊन खडकीत आली तरी तिचं 'हाय' काही सुटलं नाही. त्या वेळी ती एका कँटीनमध्ये पोळ्या लाटायला जायची. दुसऱ्या दिवशी मी कामावर गेल्यावर तिने आमच्या दाराला कुलूप घातलं, रेल्वेलाइन ओलांडली आणि ऐन पाण्याच्या वेळी, सगळ्या बायका नळावर असताना, खालाच्या दारात जाऊन उभी राहिली.

"खाला, किल्ली ठेवा. ह्यांच्याकडं दिली की हरवत्यात."

खाला म्हणाली, "अगं बेटा, तुझं घर लाइनच्या पलीकडे. इतक्या लांबून?"

"लांब तर लांब. हे जीपवाले हायेत. येतील की घ्यायला."

हे मला नंतर लताने सांगितलं. मला कळलं ते संध्याकाळी, थकून घरी आलो तेव्हा. दाराला कुलूप. शेजारी विचारावं तर शेजारी हसतायत. "तुमची किल्ली सासुरवाडीला गेलीय, लाइनीच्या पलीकडे." तसाच चालत गेलो. सगळी वस्ती बघतेय, आणि संस्थेचा माणूस खालाकडे स्वतःच्या घराची किल्ली मागतोय. खालाने तिला हिरवं बटण बांधलं होतं. म्हणाली, "उद्या जरा लवकर या बबनभाई, मला नमाजाची वेळ होते."

शालन कँटीनमधून आली तसा मी तिच्यावर इतका ओरडलो की भिंत हलली असेल. ती म्हणाली, "उद्या भाजी काय करू?"

रोज हाच प्रकार. दोरीवर एकटी आमची किल्ली. मी चडफडत जायचो, घेऊन यायचो. मग एका संध्याकाळी गेलो तर आमच्या किल्लीशेजारी दुसरी लटकत होती. लताची. लता आत खालासमोर बसून साडीच्या फॉलला टाके घालत होती. लताच्या कानात फुलं होती. मी बाहेरच उभा राहिलो जरा वेळ. आमची किल्ली घ्यायला आत जाववेना.

त्यानंतर दोरी भरायला वेळ लागला नाही.

पुढच्या खेपेला बाई आल्या, खिडकीशी थांबल्या. त्यांची नजर बारीक. "हिरवं बटण नवीन आहे. कुणाची?"

"माझी."

जीपमध्ये बसल्यावर म्हणाल्या, "ही वस्ती अभ्यासातून बाहेर."

"बाई, मी नाही, ते आमच्या..."

"कोण ते कळलं मला. रविवारी जेवायला येते म्हणून सांगा त्यांना."

रविवारी आल्या. खाली मांडी घालून बसल्या, पिठलं-भाकरी खाल्ली. मग शालनकडे बघून म्हणाल्या, "तुम्ही माझं फार मोठं नुकसान केलंत."

शालन म्हणाली, "आणखी वाढू का?"

बाईंनी ताट पुढे केलं. बाई हसताना मी फार वेळा पाहिल्या नाहीत. तेव्हा पाहिल्या.

बाईंचं पुस्तक निघालं. जाडजूड आहे, इंग्रजीत आहे, मला एक प्रत दिली. त्यात खाला नाही. त्यांच्या नियमाने बरोबर आहे. पण ते पुस्तक फडताळात दिसलं की मला टोचायचं. जगभरचे लोक ते वाचतात म्हणे, आणि त्यात खालाची खिडकीच नाही.

ती वस्ती आता नाही. तिथे उंच इमारत झाली, लोकांना वरच्या मजल्यांवर घरं मिळाली. खाला लेकीकडे गेली. जाताना तिने ती दोरी गुंडाळून शालनच्या हातात दिली. शालनने ती आमच्या खिडकीला बांधली. आमच्या ओळीत सगळी नोकरदार माणसं, शालन तोवर कँटीन सोडून घरी बसलेली. हळूहळू किल्ल्या आल्या. तिनेही निशाण्या बांधल्या. मी रिटायर झालो, तिच्यासमोर बसून चहा प्यायलो, आणि त्या किल्ल्यांकडे कधी नीट बघितलंसुद्धा नाही. ते तिचं खातं.

ती गेली आणि दोरी राहिली.

आमचा महेश हिंजवडीला राहतो. तेरावा झाला तसा म्हणाला, "बाबा, आता इथे एकटे नका राहू. चला माझ्याकडे. आमच्याकडे किल्लीची भानगडच नाही. बोट लावलं की दार उघडतं."

"समोर कोण राहतं तुझ्या?"

"आहे कुणीतरी. बहुतेक बंगलोरचे."

पोरगा चांगला आहे. हे त्याच्यासाठी लिहीत नाही, पण वाचेल तो. मी त्याला म्हणालो, "या दोरीवर लोकांच्या किल्ल्या आहेत. त्यांनी त्या शालनला दिल्या होत्या, मला नाही. ते आपापल्या घेऊन जातील. दोरी रिकामी झाली की येतो." त्याला ते पटलं. मलाही पटलं. ओळीत माझं कुणाशी धड नाही. पाण्यावरून, सायकलीवरून, कुंड्यांवरून सगळ्यांशी तोंड वाजवून झालंय. ही मधे होती म्हणून निभावलं.

मग वाट बघणं सुरू झालं. तुम्हाला सांगतो, फार वाईट काम. सकाळी कुणाचं पाऊल दारात वाजलं की वाटायचं, आला.

मधे बाई भेटायला आल्या. आता काठी घेऊन चालतात. शालनच्या फोटोसमोर बसल्या. मग दोरीकडे बघून म्हणाल्या, "बबनराव, ती वस्ती मी पुस्तकातून वगळली. पण वर्गात दर वर्षी पहिल्या दिवशी तीच शिकवली. खाला, लता आणि हिरवं बटण. मुलं विचारायची, ती किल्ली घेऊन आलेली बाई कोण? मी सांगायची, माझं नुकसान करणारी." चहा मीच केला. साखर जास्त पडली. त्यांनी तो सगळा प्यायला.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी कोपऱ्यावरच्या खोलीतली रेश्मा आली. ती नर्स आहे. दारातूनच म्हणाली, "काका, आज घरीच आहे, किल्ली द्या."

तेच शब्द. मी निशाण्या चाचपत बसलो, तिनेच आपली काढून घेतली. दुसऱ्या दिवशी ती किल्ली परत आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही.

मी खालाची दोरी मोकळी होताना पाहिलेली आहे. एकेक करून. गोड बोलून. म्हणलं, ते आपल्याच्याने बघवणार नाही. आणि लोकांना तरी कशाला शरम? आपणच नेऊन देऊ. दोरी किल्ल्यांसकट सोडली, खांद्यावर टाकली आणि शेजारच्या मोहितेवहिनींचं दार वाजवलं. या बाईशी माझं सगळ्यात जास्त भांडण. माझ्या सायकलीच्या वाटेत कुंड्या ठेवते.

"वहिनी, ही तुमची किल्ली."

"मग? वाकडी झाली का?"

"घेऊन टाका. शालन नाही आता."

"ते मला सांगता? तिच्या उशाशी मी होते भाऊजी." मग हातातली किल्ली बघून म्हणाली, "आणि ही माझी नाहीच. ही कुलकर्ण्यांची. माझी ती लाल बांगडीवाली. इतकी वर्षं डोळ्यांसमोर लटकतायत, एवढंही कळत नाही?"

आवाज ऐकून कुलकर्णी बाहेर आले. बँकेतून रिटायर, बोलतात कमी. खांद्यावरची दोरी बघून म्हणाले, "भाडं हवं असेल तर सरळ सांगा, अशी वरात काय काढता?" मागून रेश्मा आली, शाल गुंडाळून, डोळे लाल. "काका, हे काय? मला ताप आहे हो. उद्या ड्युटीला जाताना आणतेच आहे किल्ली. तुम्ही ठेवणार नसाल तर मी कुठे ठेवू?"

मी म्हणालो, "तुम्ही तिला दिल्या होत्या. मला नाही."

मग मोहितेवहिनी कमरेवर हात ठेवून म्हणाली, "सगळ्यांच्या वाटत सुटलात. तुमची कुठंय?"

"खिशात."

"आणि उद्या घरात पडलात, तर दार कोण उघडणार? पोलीस? शालनताई सांगायच्या, तुम्ही पुणंभर दारोदार विचारत हिंडलात. आता मी विचारते. तुमची किल्ली कुणाकडे असते?"

एवढी वर्षं हा प्रश्न विचारल्यावर लोक का थांबायचे, ते मला तेव्हा कळलं. ती होती तोवर बाहेरून आलं की आतून कडी निघायची. ती गेल्यापासून मी ती किल्ली खिशात घेऊन झोपत होतो.

खिशातून काढली. हिरवं बटण अजून होतं तिला, चिरलेलं. मोहितेवहिनीने ते अंगठ्याने पुसलं. "हे शालनताईंनी बांधलं?"

"नाही. ती मोठी गोष्ट आहे."

"मग उद्या सांगा. आत्ता माझं दूध आहे गॅसवर." किल्ली घेऊन ती आत गेली. रेश्माने माझ्या खांद्यावरची दोरी काढून घेतली, आमच्या खिडकीला बांधली. गाठ शालनसारखी नाही, पण पक्की आहे.

रात्री महेशचा फोन आला. "बाबा, दोरी रिकामी झाली का?"

"नाही. उद्यापासून एक वाढतीय. कुलकर्ण्यांच्या सुनेची, ओळीतच वेगळी खोली घेतलीय त्यांनी."

मग म्हणाला, "बरं. पण तुम्ही बाहेर असलात आणि मी आलो, तर किल्ली कुणाकडे मागू?"

"शेजारी. मोहितेबाई. एक नंबरची भांडकुदळ बाई आहे. किल्ली तिच्याकडे असते."